मिशीवाली आई आणि बिननावाची आई

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की नागपुरात लाकडी बैलांचे राज्य सुरू होते. श्रावण अमावास्येला शेतकऱ्यांचा पोळा आणि भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला मुलांचा तान्हा पोळा, ही विदर्भाची जुनी वहिवाट. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली हा मुलांचा पोळा सुरू केला, असे परंपरा सांगते. जुन्या नागपुरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. धरमपेठेच्या गल्ल्यांतून मात्र चाकांवरचे नंदी खडखडत जात असतात. कोणाच्या बैलावर जरीकाठाची झूल, कोणाच्या शिंगांना बेगड, कोणाच्या गळ्यात घुंगरांची माळ. बैल ओढणारे मूलही शेतकरी बनलेले असते. डोक्याला मुंडासे, खांद्यावर पंचा आणि ओठांवर काजळाची मिशी. दारोदार बैलाला ओवाळले जाते आणि मुलाच्या मुठीत बोजारा पडतो.

या प्रत्येक बैलामागे आदल्या रात्रीची एक बैठक असते. दिवसभर कचेरीत फायली उपसून आलेला किंवा शाळेत सहा तासिका घेऊन आलेला बाप कात्री, खळ आणि रंगीत कागद घेऊन जमिनीवर बसलेला असतो. पुठ्ठ्याची बैलगाडी तयार होते, काडेपेट्यांच्या पेट्या धान्याची पोती होतात. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या स्पर्धेत बैलाला बक्षीस मिळते, आणि ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाला मूल छाती काढून उत्तर देते, ‘बाबांनी!’ शेजारीपाजारी मान डोलावतात. बाप असावा तर असा, असे चार जण बोलून दाखवितात. मूल वाढविण्याच्या कामात ज्या पुरुषाने एक रात्र मनापासून घातली, त्याचे कौतुक व्हावयासच हवे. त्यात वावगे काही नाही.

परंतु त्याच घरातील मे महिन्याची एखादी दुपार आठवून पाहावी. पारा ४५ अंशांच्या वर चढलेला, खिडकीत कूलर घरघरत असलेला, सकाळी अकरापासून सायंकाळी पाच-साडेपाचपर्यंत मुलांना दाराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नाही. धरमपेठेतील बाल वाहतूक उद्यान कितीही जवळ असले, तरी ऊन उतरेपर्यंत ते मुलांच्या दृष्टीने परगावीच असते. पूर्वीच्या बंगलीवजा घरांना निदान अंगण होते, पडवी होती, कडुनिंबाची सावली होती. त्यांतील कित्येक घरांच्या जागी आता सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. अशा दोन खोल्यांत चार वर्षांचे आणि सहा वर्षांचे अशी दोन मुले पाच-सहा तास कोंडलेली असताना ती एकमेकांचे केस ओढीत नाहीत, रडत नाहीत, याचे श्रेय कोणाचे? बहुधा त्यांच्या आईचे. पण त्या दुपारी तेथे परीक्षक नसतात, बक्षीस नसते आणि ‘हे कोणी केले?’ असे विचारणाराही कोणी नसतो.

त्या दुपारी काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. ताटात तूर आणि हरभऱ्याची डाळ मिसळलेली असते, आणि ती निवडावयाची असते. आई जाहीर करते की ही दोन गावांची माणसे जत्रेत हरवली आहेत, ज्याने त्याने आपापल्या गावची माणसे शोधून घरी पोचवावीत. पुढचा पाऊण तास शांतता. कणीक मळताना एक गोळा मुलाच्या हाती येतो आणि त्याची चिमणी होते. चिमणीला डोळा हवा म्हणून मोहरीचा दाणा शोधला जातो. वाळत घातलेल्या चादरीचा तंबू होतो. आंब्याच्या कोया धुऊन ओळीने मांडल्या की त्यांची आगगाडी होते आणि ती गाडी इतवारीहून सुटते. संध्याकाळी खाऊचा डबा बंदच पुढे येतो. तो हलवून, कान लावून, वास घेऊन आत काय आहे ते ओळखावयाचे. विदर्भातील मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे जो खाऊ ओळखण्याचा खेळ खेळतात, तोच हा खेळ. आईने तो आपल्या आईकडून घेतलेला असतो.

आता या खेळांतील शिक्षण वेगळे काढून दाखवावयाचे झाले, तर शिक्षकवर्गाला ते सहज ओळखू येईल. डाळी निवडणे म्हणजे वर्गीकरण. चिमणी घडविणे म्हणजे बोटांच्या स्नायूंना वळण, आणि ज्या बोटांना असे वळण मिळाले त्यांनाच पुढे पेन्सिल नीट धरता येते. कोयांची आगगाडी म्हणजे मोजणी आणि क्रम. बंद डबा म्हणजे निरीक्षण, अनुमान आणि चूक झाली तर हसून पुन्हा अनुमान. आईने यांपैकी एकही शब्द उच्चारलेला नसतो. तिला डाळ निवडून हवी असते आणि मुलांनी रडू नये, असे वाटत असते. ही दोन्ही कामे एकाच युक्तीने साधतात. तिच्या कल्पकतेचे मर्म येथेच आहे, आणि ती दुर्लक्षित राहण्याचे कारणही येथेच आहे. बापाचा खेळ काम संपल्यावर सुरू होतो, म्हणून तो खेळ म्हणून दिसतो. आईचा खेळ कामाच्या पोटातच चाललेला असतो, म्हणून पाहणाऱ्याला केवळ काम दिसते.

एक नाव आणि एक उणीव

भारतातील बालशिक्षणाच्या इतिहासात या विसंगतीचे एक बोलके उदाहरण आहे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे गुजरातेतील वकील. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले. वकिली मागे पडली. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मार आणि धाक यांना तेथे मज्जाव होता. गोष्टी, गाणी, नाटुकली आणि हातकाम हाच अभ्यास. मोठ्या मिशांचा हा गृहस्थ मुलांत मूल होऊन वावरे, म्हणून गुजराती समाजाने त्यांना प्रेमाने नाव दिले, ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई.

हे नाव गोड आहे आणि सार्थही आहे. पण त्यातील गर्भितार्थ लक्षात घेण्याजोगा आहे. मुलांशी मूल होऊन खेळणे हा आईचा धर्म, असे गृहीत धरल्यावाचून ते नाव सुचले नसते. पुरुषाने ते केले की ते नवल ठरते आणि नवलाला नाव मिळते. ज्या लाखो स्त्रिया कोणत्याही बालमंदिराविना तेच करीत आल्या, त्यांना वेगळे नाव मिळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पाणी ओले असते, हे कोणी मुद्दाम सांगत नाही, तसाच हा प्रकार.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे चरित्र या संदर्भात विदर्भाला अधिक जवळचे वाटावे. विवाहानंतर त्यांचा संसार अमरावतीला झाला. तो टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी मुलांत त्यांचे कार्य रुजले. माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातील साधने शास्त्रशुद्ध खरी, पण ती महाग आणि परकी होती. ताराबाई आणि अनुताई यांनी त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले मांडली. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातून आला, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला.

याचा अर्थ असा की, स्वयंपाकघरातील ताटात ज्या डाळी आणि ज्या बिया आईच्या हाताखाली खेळणे बनतात, त्यांनाच ताराबाईंनी शैक्षणिक साधनाचा दर्जा दिला. धरमपेठेतील आईला हे ठाऊक नसले तरी चालेल. तिच्या पतीला, विशेषतः तो शिक्षक असल्यास, हे ठाऊक असावयास हवे. वर्गात बालमानसशास्त्राची टिपणे उतरवून देणारा अध्यापक घरी येऊन ‘दिवसभर मुलांबरोबर खेळतच तर होतीस’ असे म्हणतो, तेव्हा तो आपल्याच विषयात नापास झालेला असतो.

मोजमापातील खेळ

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा जात होता ९७ मिनिटे. घरातील मुलाबाळांची आणि आजारी-वृद्धांची काळजी घेणाऱ्यांत स्त्रियांचा वेळ १३४ मिनिटे आणि पुरुषांचा ७६ मिनिटे होता. ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आधारे अशा पाहण्या होतात, त्यात मुलांशी खेळणे, मुलांशी बोलणे आणि त्यांना वाचून दाखविणे यांची गणना विश्रांतीत किंवा करमणुकीत केलेली नाही. ती बिनमोल काळजीच्या श्रमांत केलेली आहे. हिशेबनिसांना जे पटले, ते अजून अनेक घरांना पटावयाचे आहे.

अर्थात पोळ्या लाटता लाटता सांगितलेली गोष्ट पोळ्यांच्या खात्यात जमा करावयाची की मुलांच्या, हा कोणत्याही पाहणीपुढील अवघड प्रश्न आहे. आकड्यांच्या जाळ्यातून जे निसटते, ते टिपण्याचे सामर्थ्य एकाच व्यक्तीकडे असते. ती म्हणजे त्याच घरात राहणारा जोडीदार. त्याने पाहिले नाही, तर ते कोणीच पाहिलेले नसते. मूल तर ते विसरूनच जाणार. तीन-चार वर्षांच्या वयातील दुपारी मोठेपणी आठवत नाहीत. त्यांतून आलेला धीर आणि कुतूहल तेवढे शिल्लक राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे नमूद केले आणि तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला. या टप्प्याचा निम्मा भाग शाळेच्या आधी घरातच पार पडतो, आणि त्याचा साक्षीदार बहुधा एकटा जोडीदार असतो.

साक्ष कशी द्यावी

जोडीदाराच्या खेळकरपणाची साक्ष कशी द्यावी, याचा मराठीतील उत्तम धडा लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये घालून दिला आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रातील एक मोठा काळ नागपूरशी निगडित आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) त्या वेळी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने नागपुरात होते. मराठी वाचक टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाच्या संपादनातही त्यांचा हात होता. लक्ष्मीबाईंचे स्वतःचे बालपण वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात गेले. मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत त्या सोवळ्याची मजल गेली होती. असे बालपण भोगलेल्या स्त्रीला मुलात मूल होणारा पती भेटला, ही त्या संसारातील एक मोठी गोष्ट होती.

पण लक्ष्मीबाईंनी पतीची आरती केली नाही. त्यांचे टिळक उदार आहेत, कनवाळू आहेत, लहान मुलासारखे हरखणारे आहेत. ते तितकेच तापट, लहरी आणि व्यवहारशून्यही आहेत. घरात आज किती माणसे जेवणार आणि डब्यात पीठ किती आहे, याचा मेळ टिळकांच्या उत्साहाने बसत नसे. तो बाईंना बसवावा लागे. टिळकांनी जवळ केलेल्या परक्या मुलांची पाने मांडण्याचे काम बाईंकडे आले. पुढे अहमदनगरला त्यांच्या घरी राहिलेल्या तरुण बालकवी ठोमऱ्यांना त्यांनी मुलाप्रमाणे सांभाळले. हे सारे त्यांनी हसत हसत, पण काहीही न लपविता लिहिले. त्यांच्या लेखनात दाद आहे आणि हिशेबही आहे. म्हणूनच ती दाद खरी वाटते. वर्षातून एकदा फुलांचा गुच्छ देऊन होणाऱ्या कौतुकापेक्षा तिचे वजन अधिक आहे.

या हिशेबाची आठवण आजच्या खेळकर बापांनाही करून द्यावयास हवी. रात्री नऊ वाजता घरी येऊन मुलांना खांद्यावर घेऊन नाचणे, गाद्यांचा किल्ला रचणे हे सर्व लोभस आहे. पण किल्ला पाडल्यावर गाद्या कोणी घालावयाच्या, चढलेली झोप कोणी परत आणावयाची आणि सकाळी साडेसहाला शाळेसाठी कोणी उठवावयाचे? एकाने नेहमी खेळावयाचे आणि दुसऱ्याने नेहमी रागवावयाचे, अशी वाटणी झाली, तर मुलाच्या नजरेत एक जण सण होतो आणि दुसरा वार्षिक परीक्षा. ज्या बाईकडे रागवण्याचे खाते आले, तिच्यातील खेळकरपणा हळूहळू आटतो. मग ‘पूर्वी ती किती हसतमुख होती’ असे म्हणण्याची पाळी पतीवरच येते.

याची दुसरी बाजूही मांडावयास हवी. पत्नी नोकरीला जाते आणि पती मुलांना खेळवितो, अशी घरे आता धरमपेठेत नवलाची राहिलेली नाहीत. अशा पुरुषाला घरातीलच वडीलधारी मंडळी कधी थट्टेने, कधी टोचून ‘बायकी’ म्हणतात. गिजुभाईंच्या पदवीत जो गौरव होता, तो गळून तेथे नुसती मिशीची चेष्टा उरते. अशा वेळी सासूसासऱ्यांसमोर त्याची बाजू घेणे हे पत्नीचे काम आहे. ‘यांनी शिकविलेल्या खेळामुळे पोरगी आता अंधाराला भीत नाही,’ असे एक वाक्य तिने चारचौघांत उच्चारले, तर त्या पुरुषाला आणि पाहणाऱ्या मुलीलाही बरेच काही मिळून जाते.

खेळाने मुले लाडावतात, हा आक्षेप जुना आहे. शिस्तीवाचून मूल घडत नाही, हे कोणी नाकारीत नाही. परंतु खेळाला नियम असतात आणि मूल ते आपणहून पाळते, हेही विसरता येत नाही. डबा उघडून पाहावयाचा नाही, आधी ओळखावयाचे, हा नियम पाळणारे चार वर्षांचे मूल मोहावर ताबा मिळविण्याचाच अभ्यास करीत असते. दुसरी अडचण अधिक खरी आहे, ती थकव्याची. दमलेल्या आईबापांना मुलाच्या हाती मोबाइल देऊन अर्धा तास निवांतपणा मिळवावासा वाटतो, यात गुन्हा नाही. पण ज्या घरात मोबाइल न देता ती दुपार पार पडली, तेथे कोणीतरी आपला अर्धा तास त्या मुलाला दिलेला आहे, एवढे तरी दुसऱ्याने ओळखावे.

दाद देणे म्हणजे तरी काय? मूल झोपल्यावर ‘आज ती आगगाडी छान होती’ एवढे म्हणणे, आणि दुसऱ्या दिवशी कोया धुण्याचे काम आपल्याकडे घेणे. आईने रचलेल्या खेळात बापाने शिरताना तो मोडून आपला नवा न मांडणे. मुलासमोर ‘तुझ्या आईला हे सुचते, मला सुचत नाही’ असे सांगण्याइतका मोठेपणा दाखविणे. या गोष्टींना पैसा लागत नाही, रजाही लागत नाही. लागते ती फक्त नजर, आणि ती नसली तर खेळणारे माणूस एक दिवस खेळणे थांबविते. ते थांबले, हेही मग कोणाच्या लक्षात येत नाही.

तान्हा पोळा संपला की लाकडी बैल पुन्हा माळ्यावर जातो. त्याची झूल काढून, घडी करून, पुढच्या वर्षासाठी जपून कोणीतरी ठेवते. बेगड सुटलेले असते, एखादे चाक निखळलेले असते. ते डब्यात टाकून वर ‘बैलाचे सामान’ अशी चिठ्ठी चिकटवते. ते अक्षर कोणाचे आहे, हे बक्षीस मिळविलेल्या बापाने या वर्षी एकदा पाहावे, आणि पुढच्या वर्षी ‘हे कोणी केले?’ असे विचारले गेले की काय उत्तर द्यावे, ते मुलाला आधीच सांगून ठेवावे.